मूठभर तांदूळ आणि दशमांश : बिशप अझरायाह यांचे चरित्र

आपल्या मंडळ्यांत दशमांशाचा विषय निघाला की दोन पक्ष पडतात. एक पक्ष मलाखीच्या पुस्तकाचा तिसरा अध्याय उघडून बसतो. दुसरा पक्ष, आपण आता नियमशास्त्राच्या नव्हे तर कृपेच्या अधीन आहोत असे सांगतो आणि दानाची थैली शेजाऱ्याकडे सरकवतो. दोन्ही बाजूंची भाषणे आम्ही पुष्कळ ऐकली आहेत. तेव्हा या वेळी वादात न शिरता, ज्याने आपले सारे आयुष्य गरीब मंडळ्यांना देणे शिकवण्यात घालवले अशा एका सेवकाचे चरित्र वाचकांपुढे ठेवावे, असे आम्हांस वाटले. शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनाही त्याचा उपयोग होईल.

हे सेवक म्हणजे डोर्नकलचे बिशप वेदनायगम सॅम्युएल अझरायाह. ते जन्माने तमिळ आणि त्यांचे काम तेलुगू लोकांत. मराठी वाचकाला ते दूरचे वाटतील; पण तसे ते दूरचे नाहीत. त्यांच्या हयातीत डोर्नकल, आदिलाबाद, नांदेड, परभणी, बीड ही सारी एकाच निजामाच्या राज्यातली ठिकाणे होती. १९५६ साली भाषेप्रमाणे प्रांतरचना झाली तेव्हा किनवट आणि राजुरा हे तालुके आदिलाबाद जिल्ह्यातून निघून मराठी मुलखात आले, आणि तामसीसारखी मराठी बोलणारी गावे पैनगंगेच्या पलीकडे राहिली. आज तामसी तेलंगणात आहे आणि डोर्नकलही तेलंगणात आहे. तिथल्या मराठी ख्रिस्ती माणसाला बिशप अझरायाह हे एका अर्थी आपल्याच राज्यातले पूर्वज होत.

त्यांचा जन्म १७ ऑगस्ट १८७४ रोजी तिरुनेलवेली भागातील वेल्लालनविलई या खेड्यात झाला. वडील थॉमस वेदनायगम हे हिंदू घराण्यातून ख्रिस्ताकडे आलेले, आणि पुढे त्याच खेड्यातील मंडळीचे पाळक. आईचे नाव एलन. मुलीच्या जन्मानंतर कित्येक वर्षे या दांपत्याला मूल नव्हते. मुलगा झाला तेव्हा त्यांनी त्याचे नाव शमुवेल ठेवले, इंग्रजी वळणाने सॅम्युएल. हन्नेची गोष्ट ज्यांना ठाऊक आहे त्यांना या नावाचा अर्थ सांगायला नको. मागून घेतलेले मूल तिने परत देऊन टाकले होते. वडील मुलाच्या लहानपणीच निवर्तले आणि आईने त्याला मोठ्या शिस्तीत वाढवले.

पुढे मद्रास ख्रिश्चन कॉलेजात शिक्षण झाले. पदवीच्या शेवटच्या परीक्षेच्या वेळी आजारी पडल्याने पदवी हाती आली नाही, आणि त्यांनी ती नंतर मिळवण्याची खटपटही केली नाही. १८९५ पासून ते वाय.एम.सी.ए.चे काम करू लागले आणि त्या निमित्ताने दक्षिण हिंदुस्थानभर हिंडले. १८९८ साली अन्बू मरियम्मल यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्या कॉलेजात शिकलेल्या होत्या. त्या काळी दक्षिणेत अशा स्त्रिया फारच थोड्या.

१९०२ साली अझरायाह जाफना येथे गेले. तिथे त्यांना एक गोष्ट दिसली आणि ती त्यांच्या मनाला चटका लावून गेली. जाफन्याचे तमिळ ख्रिस्ती लोक आपल्या खिशातून पैसा काढून परमुलखात सुवार्तिक पाठवीत होते. तिरुनेलवेलीची मंडळी त्याहून जुनी आणि संख्येनेही मोठी. तिच्यात पाळक होते, शाळा होत्या, दवाखाने होते. पण बाहेर कोणी पाठवलेले नव्हते. शंभर वर्षे घेतलेच होते, दिलेले फारसे नव्हते. परत आल्यावर त्यांनी मित्रांना गोळा केले, आणि १२ फेब्रुवारी १९०३ रोजी पालयमकोट्टई येथे तिरुनेलवेलीची इंडियन मिशनरी सोसायटी स्थापन झाली. तिचा नियम असा की माणसे आपली, पैसा आपला आणि कारभारही आपलाच. विलायतेचा पैसा घ्यायचा नाही. कामासाठी निवडलेली जागा म्हणजे निजामाच्या राज्यातील डोर्नकल. रेल्वेचे जंक्शन, भोवती जंगल आणि खेडी, आणि सुवार्तेचे काम जवळजवळ नाहीच.

त्यानंतर दोन वर्षांनी, १९०५ च्या नाताळच्या दिवशी, बंगालमधील सेरामपूर येथे विल्यम केरी यांच्या ग्रंथालयात नॅशनल मिशनरी सोसायटीची स्थापना झाली. अझरायाह तिचे चिटणीस झाले. केरी यांचे मराठी व्याकरण त्याच गावातून बरोबर शंभर वर्षांपूर्वी, १८०५ साली, निघाले होते, हे आम्ही मराठी लोकांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे. या नव्या संस्थेचाही मूळ विचार तोच होता. हिंदुस्थानातील ख्रिस्ती लोकांनी हिंदुस्थानात सुवार्ता न्यावी आणि तिचा खर्च आपण सोसावा.

आता इथे एक अडचण उभी राहते. दुसऱ्यांना जा म्हणणे सोपे असते. अझरायाह सभांतून तरुणांना डोर्नकलला जाण्याचे आवाहन करीत होते आणि स्वतः मद्रासेत राहत होते. ही विसंगती त्यांना बोचू लागली. १९०९ साली, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, चांगले चाललेले काम सोडून त्यांनी पाळकपणाची दीक्षा घेतली आणि ते डोर्नकलला गेले. तेलुगू भाषा नव्याने शिकले. तिरुनेलवेलीच्या मंडळ्या जे पाठवतील त्यावर तिथले काम चालायचे. दान मागणारा माणूस स्वतः काय देतो हे लोक बघत असतात. अझरायाह यांनी आधी स्वतःला दिले म्हणून पुढे त्यांना मागण्याचा हक्क आला, असे आमचे मत आहे.

१९१० च्या एडिंबरो येथील जागतिक मिशनरी परिषदेत त्यांनी भाषण केले. मिशनऱ्यांनी पुष्कळ त्याग केला, पैसा दिला, जीवही दिला. पण देशी कामगाराला मित्र म्हणून जवळ केले नाही, असा त्या भाषणाचा आशय होता. पुष्कळांना राग आला. ते भाषण मैत्रीविषयीचे म्हणून प्रसिद्ध आहे. आम्हांला मात्र त्यात पैशाचाही प्रश्न दिसतो. जो सदैव देतो आणि जो सदैव घेतो त्यांची मैत्री अवघड असते, कारण घेणाऱ्याची मान खाली राहते. हे ज्याने अनुभवले आहे त्याला सांगावे लागत नाही, आणि आपल्या मराठी मंडळ्यांनी हे भरपूर अनुभवले आहे. रेव्हरंड टिळकांनी १९१७ साली मिशनची नोकरी आणि पगार सोडला त्यामागेही हीच टोचणी होती.

२९ डिसेंबर १९१२ रोजी कलकत्त्याच्या सेंट पॉल कथीड्रलमध्ये अझरायाह यांना बिशपपदाची दीक्षा मिळाली. अँग्लिकन मंडळीचे ते पहिले भारतीय बिशप. पुढे बत्तीस वर्षे ते डोर्नकलचे बिशप होते आणि त्या काळात त्यांच्या धर्मप्रांतातील ख्रिस्ती लोकांची संख्या दोन लाखांच्या वर गेली.

हे लोक कोण होते, हे नीट समजून घेतल्याशिवाय दानाचा पुढचा भाग कळणार नाही. बहुतेक सारे माला आणि मादिगा समाजातले. गावकुसाबाहेर राहणारे, भूमिहीन, दुसऱ्याच्या शेतात राबणारे. मजुरी बहुधा धान्यात मिळायची. निजामाच्या राज्यात वेठबिगार होती, आणि एकदा काढलेले कर्ज बापाकडून मुलाकडे जायचे. बिशप खेडोपाडी बैलगाडीने जात आणि घाण, रोग, कर्ज आणि दारू या चार भुतांविरुद्ध उपदेश करीत. या यादीत कर्ज आणि दारू दोन्ही आहेत याकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधतो. सावकाराच्या आणि गुत्त्याच्या तावडीत असलेल्या माणसाकडे देवाला देण्यासाठी काही उरत नाही, हे बिशपांना पक्के ठाऊक होते.

अशा लोकांना दशमांश सांगायचा कसा? थोडा शास्त्राचा विचार करू. अब्राहामाने मलकीसदेकाला दशमांश दिला आणि याकोबाने बेथेल येथे दशमांशाचा नवस केला, या दोन्ही गोष्टी मोशेच्या आधीच्या. मोशेच्या नियमशास्त्रात दशमांश आहे तो शेताच्या पिकाचा, झाडांच्या फळांचा आणि गुराढोरांचा. तो लेव्यांना मिळे, कारण त्यांना वतन नव्हते. आणि लेव्यांनाही आपल्या दशमांशाचा दशमांश द्यावा लागे. अनुवादात आणखी एक गोष्ट आहे आणि ती दशमांशावरच्या उपदेशांत क्वचितच ऐकू येते. दर तिसऱ्या वर्षीचा दशमांश गावातच साठवून ठेवायचा आणि लेवी, उपरी, अनाथ आणि विधवा यांनी तो पोटभर खायचा. म्हणजे ज्याला शेत नाही तो त्या व्यवस्थेत बहुतेक घेणाऱ्यांच्या बाजूला बसतो. डोर्नकलचा मादिगा ख्रिस्ती मोशेच्या काळी जन्मला असता तर दशमांश त्याच्या दारी आला असता.

नव्या करारात प्रभू येशूने शास्त्री आणि परूशी यांना पुदिना, शेप आणि जिरे यांचा दशमांश देऊन न्याय, दया आणि विश्वास सोडल्याबद्दल दोष दिला. पण दशमांश देणे बंद करा असे सांगितले नाही. पौलाने आपल्या पत्रांत मंडळ्यांवर दशमांश बसवलेला नाही. करिंथकरांना त्याने आठवड्याच्या पहिल्या दिवशी आपल्या मिळकतीच्या मानाने काही बाजूला काढून ठेवण्यास सांगितले, आणि मासेदोनियाच्या दरिद्री मंडळ्यांनी शक्तीबाहेर दिले याचे उदाहरण त्यांच्यापुढे ठेवले. मंदिरातील विधवेच्या दोन टोल्यांचा हिशेब दहाव्या भागाने होत नाही. तिने दहापैकी दहाही भाग टाकले होते.

बिशप अझरायाह यांनी ख्रिस्ती दानावर एक स्वतंत्र पुस्तक लिहिले, ते त्यांच्या मरणानंतरही छापले गेले आणि इतर देशांतील तरुण मंडळ्यांनीही वाचले. दशमांश, प्रथमफळ, स्वखुशीची अर्पणे या जुन्या करारातील रीतींपासून प्रेषितांच्या काळापर्यंत त्यांनी सारा शास्त्रभाग तपासला. देणे हा उपासनेचा भाग आहे, मंडळीचा खर्च भागवण्याची ती केवळ युक्ती नाही, हा त्यांच्या शिकवणुकीचा कणा. म्हणूनच मंडळी गरीब आहे, तिला आधी सुधारू आणि मग देणे शिकवू, हा विचार त्यांना मान्य नव्हता. बाप्तिस्म्याच्या तयारीबरोबरच देण्याचे शिक्षण सुरू व्हायचे.

या शिक्षणाची सर्वांत साधी रीत म्हणजे मूठभर तांदूळ. घरची बाई स्वयंपाकाला बसली की चुलीवर चढवण्याच्या तांदळांतून एक मूठ काढून वेगळ्या मडक्यात टाकायची. त्या मुठीबरोबर प्रार्थना व्हायची. मग ते तांदूळ उपासनेच्या वेळी देवाच्या घरी आणून अर्पण करायचे. ही रीत तिरुनेलवेलीत आधीपासून होती, आणि बिशपांनी ती तेलुगू खेड्यांत रुजवली. मिझोरामच्या मंडळ्यांत स्त्रियांनी १९१० च्या सुमारास अशीच रीत सुरू केली आणि ती आजही चालू आहे. आपल्याकडे कर्मवीर भाऊराव पाटलांनी शिक्षणासाठी सुरू केलेला मुष्टिफंड मराठी वाचकांना माहीत आहेच. त्यातही मूठ बाजूला काढणाऱ्या बायकाच होत्या.

या मुठीचा आम्ही पुष्कळ विचार केला आहे. हिशेबाने पाहिले तर ती दहावा भाग नव्हे; चार शेर शिजवणाऱ्या घरात ती फारच थोडी आणि उपाशी घरात फार मोठी. पण तिच्यात तीन गोष्टी आहेत. एक तर ती आधी काढली जाते, जेवून उरले त्यातून नव्हे. प्रथमफळाचा सारा अर्थ एवढाच आहे. दुसरे म्हणजे ती रोजची आहे, म्हणून देणे हे वर्षातून एकदा पाळकाच्या आग्रहाने होणारे काम राहत नाही. आणि तिसरी गोष्ट आम्हांला सर्वांत मोलाची वाटते. त्या घरात रोख पैसा असला तर तो पुरुषाच्या हाती असे, आणि कित्येकदा तो घरी पोहोचायच्या आत गुत्त्यावर जाई. मडके मात्र बाईच्या हाती होते. ज्या मंडळीत वर्गणीच्या वहीवर फक्त घरधन्याचे नाव असते तिथे बायकांचे दान दिसतच नाही. डोर्नकलमध्ये ते दिसू लागले. अन्बूबाई अझरायाह यांनी खेड्यांतील स्त्रियांत आयुष्यभर काम केले, त्याचाही यात मोठा वाटा आहे.

कापणीच्या सणाला तर देवळापुढे जत्रा भरल्यासारखे होई. तांदूळ, जोंधळा, कोंबड्या, अंडी, भोपळे, बकरी, जे घरात असेल ते लोक आणत, आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव होई. आमच्या वाचकांना हे दृश्य नवे नाही. मंडळीतील कोंबडीला बाजारभावापेक्षा जास्त किंमत का येते, हे आपल्या प्रत्येक गावाला ठाऊक आहे.

आणखी एक दान बिशप मागत, ते वेळेचे. बाप्तिस्म्याच्या वेळी नवीन विश्वासणारा स्वतःच्या डोक्यावर हात ठेवून, मी सुवार्ता सांगितली नाही तर माझी दुर्दशा होवो, अशा अर्थाचे पौलाचे शब्द म्हणे. दरवर्षी साक्षीचा आठवडा पाळला जाई आणि साधे मजूर गावोगाव जाऊन साक्ष देत. रोजंदारीच्या माणसाने आपल्या कामाचे दिवस देणे हे नोटेच्या दानापेक्षा हलके आहे असे कोणी म्हणू नये.

या सर्वांतून डोर्नकलचे काम पूर्ण स्वावलंबी झाले, असे लिहिले तर ते खरे होणार नाही. १९२० नंतर धर्मप्रांत वाढला, तेव्हा चर्च मिशनरी सोसायटीचे आणि एस.पी.जी.चे जुने तेलुगू भाग त्यात आले, आणि त्यांच्याबरोबर विलायतेचे अनुदानही आले. शाळा आणि दवाखाने त्या पैशावाचून चालले नसते. बिशपांनी ते अनुदान नाकारले नाही. एकीकडे परदेशी पैसा घेणे आणि दुसरीकडे स्वावलंबन शिकवणे यात विरोध आहे असे टीकाकार म्हणू शकतात, आणि त्या म्हणण्यात तथ्य आहे. पण शिक्षकाला पगार बाहेरून येतो म्हणून मंडळीने मूठ काढू नये, हे बिशपांनी कधीच मान्य केले नाही. आमच्या मते त्यांनी इथे शहाणपण दाखवले. पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनला परदेशातून भरपूर मदत येत होती, तरी तिथल्या मुली विणकाम, शेती, छपाई शिकून स्वतः कष्ट करीतच होत्या.

डोर्नकलचे एपिफनी कथीड्रल हे या शिकवणुकीचे दिसणारे रूप. त्याचे खांब देवळांच्या वळणाचे, घुमट मशिदीच्या वळणाचे आणि वेदीवर क्रूस. ते पुरे व्हायला सुमारे पंचवीस वर्षे लागली, आणि ६ जानेवारी १९३९ रोजी त्याचे समर्पण झाले. पैसा आला की काम चालायचे, दुष्काळ पडला की थांबायचे. एखाद्या धनिकाकडून रक्कम आणून ते पाच वर्षांत उभे करता आले असते, पण मग मजुरांनी त्याला आपले म्हटले असते की नाही याची शंका आहे.

त्याच सुमारास, १३ ऑक्टोबर १९३५ रोजी, डॉ. आंबेडकरांनी येवल्यात धर्मांतराची घोषणा केली होती. बिशप अझरायाह आणि डॉ. आंबेडकर यांच्या भेटीत, ख्रिस्ती झालो तर तुमच्या इतक्या मंडळ्यांपैकी कोणत्या मंडळीत जायचे, या अर्थाचा प्रश्न निघाला, आणि बिशपांकडे त्याचे उत्तर नव्हते, असे सांगितले जाते. १९१९ च्या त्रांकेबार येथील बैठकीपासून ते मंडळ्यांच्या ऐक्यासाठी झटत होतेच. या प्रश्नाने ती तळमळ वाढली.

आता आमच्या आजच्या मंडळ्यांकडे वळतो. तामसी, आदिलाबाद, किनवट या पट्ट्यातील शेतकऱ्याचा कापूस वर्षातून एकदाच घरात येतो आणि बहुतेक वेळा तो येण्यापूर्वीच बियाण्याचे आणि खताचे देणे त्याची वाट पाहत असते. अशा माणसाने दहावा भाग कशाचा काढायचा, विकलेल्या कापसाचा की कर्ज फेडून उरलेल्याचा? बिशपांचे चरित्र वाचून आमचे मत असे झाले आहे की कर्जात बुडालेल्या माणसावर दहावा भाग लादू नये; पण त्याच्या घरातून मूठ मात्र निघावी, आणि कर्जातून सुटण्यास मंडळीने त्याला हात द्यावा. ज्याला महिन्याच्या महिन्याला पगार किंवा पेन्शन मिळते त्याची गोष्ट निराळी. त्याने दहावा भाग ही खालची पायरी समजावी. बऱ्याच ठिकाणी उलटेच चालते. मजुराकडून वर्गणी कसोशीने वसूल होते आणि पगारदार दहा रुपयांची नोट घडी करून थैलीत टाकतो.

आणखी दोन गोष्टी बोलल्याशिवाय राहवत नाही. वर्गणी थकली म्हणून कुणाचा दफनविधी किंवा मुलीचे लग्न अडवून धरणे हे आम्ही पाहिले आहे, आणि त्याला दान म्हणणे आम्हांस जमत नाही; तो दंड झाला. आणि दशमांश द्या म्हणजे देव दसपट परत देईल, असे सांगत गावोगाव सभा घेणारे उपदेशक अलीकडे वाढले आहेत. डोर्नकलच्या मजुरांना मूठ काढल्याने श्रीमंती आली नाही. त्यांना पाळक मिळाले, शाळा मिळाल्या, आणि गावकुसाबाहेरच्या माणसाला, आपणही कुणाला काही देऊ शकतो, हे कळले.

शेवटपर्यंत बिशप खेड्यांतून फिरत राहिले. १ जानेवारी १९४५ रोजी डोर्नकल येथे त्यांनी देह ठेवला. ज्या ऐक्यासाठी त्यांनी पंचवीस वर्षे कष्ट केले ते त्यांना पाहायला मिळाले नाही. २७ सप्टेंबर १९४७ रोजी मद्रासेत चर्च ऑफ साउथ इंडियाची स्थापना झाली, आणि डोर्नकलचा धर्मप्रांत आपल्या मडक्यांसह आणि कापणीच्या सणांसह त्या मंडळीत सामील झाला.